सात हजार हरवलेले आकडे

डॉक्टर शबनम मुजावर यांच्या टेबलावर दोन कागद होते. दोन्ही एकाच माणसाचे आणि दोन्ही गेल्या नव्वद दिवसांचे. पहिला कागद सांगत होता की या माणसाची तब्येत उत्तम आहे. दुसरा सांगत होता की ती बिघडत चालली आहे.

"या दोघांतला खरा कुठला, तेच मला कळत नाही," डॉक्टर म्हणाल्या.

ज्यांच्याबद्दल हे बोलणं चाललं होतं ते भास्कर वायदंडे खिडकीबाहेर बघत बसले होते. तासगावात आणि आसपासच्या पन्नास खेड्यांत त्यांना सगळे मास्तर म्हणत, कारण गेली चाळीस वर्षं ते ब्रास बँडचे मास्तर होते. २०५४ साल उजाडलं, बस आपल्या आपण चालू लागल्या, शेतावर औषध फवारायला ड्रोन आले. पण लग्नाच्या मिरवणुकीत पुढे चालणारा ट्रम्पेट मात्र अजून माणूसच वाजवत होता. मास्तरांच्या शेजारी त्यांची नात सावनी बसली होती. ती अकरा वर्षांची होती आणि तिला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती.

"दोन कागद वेगळं कसं सांगतील?" तिनं विचारलं. "आबा तर एकच आहेत."

डॉक्टर हसल्या. त्यांनी पहिला कागद तिच्यापुढे सरकवला. "आबांच्या दंडावर ही चकती आहे ना, रुपयाएवढी? ती दर पाच मिनिटांनी कातडीखालची साखर मोजते आणि तो आकडा लगेच तुमच्या घरच्या यंत्रमानवाला, दक्षला, पाठवते. दक्षनं सगळ्या आकड्यांची सरासरी काढली आहे, एकशे अडतीस. मधुमेह असलेल्या माणसासाठी हे फार छान आहे."

"आणि दुसरा कागद?"

"तो रक्तानं स्वतः लिहिलाय असं समज. रक्ताच्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असतं (रक्ताला लाल रंग देणारं आणि प्राणवायू वाहून नेणारं प्रथिन). रक्तात साखर फिरत असली की ती थोडी थोडी या हिमोग्लोबिनला चिकटते. एकदा चिकटली की ती पेशी मरेपर्यंत सुटत नाही. पेशी जगते साधारण एकशे वीस दिवस. त्यामुळे शंभरातल्या किती हिमोग्लोबिनला साखर चिकटली आहे ते आज मोजलं, की गेल्या दोन-तीन महिन्यांत रक्तात किती साखर होती याचा अंदाज येतो. पहिला कागद खरा असेल तर हा आकडा साडेसहाच्या आसपास यायला हवा. आलाय नऊ पूर्णांक चार."

"यंत्रच बिघडलं आसंल," आबा खिडकीबाहेर बघतच म्हणाले.

"मास्तर, पायांना मुंग्या येतात का?"

"कधीमधी."

"कधीमधी म्हणजे?"

आबांनी खिडकीवरून नजर काढली. "रोज," ते म्हणाले.

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. "साखर बराच काळ वाढलेली राहिली की मज्जातंतू खराब व्हायला लागतात (मेंदूकडे निरोप नेणारे शरीरातले धागे). पाय बधिर झाले तर मिरवणुकीत खडा रुतला तरी तुम्हाला कळणार नाही. जखम होईल, चिघळेल. अजून तसं काही झालेलं नाही, वेळ आहे. पण मी करू काय? पहिल्या कागदावर विश्वास ठेवून औषध वाढवलं नाही, तर तुमच्या पायांचं नुकसान. दुसऱ्यावर विसंबून वाढवलं आणि पहिलाच खरा निघाला, तर साखर एकदम खाली जाईल, आणि तेही धोक्याचं. खरं काय ते कळल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही."

"मी शोधू?" सावनीनं विचारलं.

"आबांची हरकत नसेल तर शोध. आकडे त्यांचे आहेत."

आबांनी टोपी गुडघ्यावर फिरवली. "बघू दे की," ते म्हणाले. "पोरीला सुट्टीच हाय."

दक्ष हा गुडघ्याएवढ्या उंचीचा, चाकांवर फिरणारा यंत्रमानव होता. मधुमेह असलेल्यांच्या मदतीसाठी तालुक्यातल्या ऐंशी घरांत असे ऐंशी दक्ष दिले होते. त्याच्या पोटावर एक दिवा होता. साखर ठीक असली की दिवा हिरवा, नसली की लाल. तो अगदी पुस्तकातल्यासारखं बोलायचा. घरी आल्यावर सावनी त्याच्यासमोर मांडी घालून बसली.

"दक्ष, आधी मला हे सांग. साखर तर सगळेच खातात. मग ती आबांच्याच रक्तात का साठते?"

"तुम्ही बेदाण्याची कोठारं पाहिली आहेत का, सावनीताई?"

पाहिली नसतील कशी? तासगाव बेदाण्यांचंच गाव, आणि सावनीची आई अशाच एका कोठारात बेदाणे निवडायच्या यंत्रावर कामाला होती.

"मग कल्पना करा," दक्ष म्हणाला. "भाकरी, भात, फळं, काहीही खाल्लं तरी पोटात त्यातल्या बऱ्याच भागाची ग्लुकोज नावाची साखर होते. रक्त म्हणजे रस्ता आणि ही साखर म्हणजे त्यावरून निघालेले मालाचे ट्रक. त्यांना पेशींच्या कोठारांत जायचं आहे, कारण तिथे त्या साखरेपासून शक्ती तयार होते. पण कोठारांची शटर बंद आहेत. ती उघडायचं काम इन्शुलिन करतं (जठरामागच्या स्वादुपिंड या ग्रंथीत तयार होणारं रसायन). मास्तरांना जो मधुमेह आहे त्यात ही शटर गंजल्यासारखी होतात. इन्शुलिननं जोर लावला तरी अर्धवटच उघडतात. काही वर्षांनी स्वादुपिंडही थकतं. मग ट्रक रस्त्यावरच उभे राहतात."

"म्हणजे रक्तात ट्रॅफिक जाम."

"बरोबर. गोळ्या शटरना तेल घालतात किंवा स्वादुपिंडाला जास्त काम करायला लावतात. आणि माणूस चालू लागला की त्याचे स्नायू इन्शुलिनची वाट न बघता मागचं दार उघडून माल आत घेतात. म्हणून जेवणानंतर चालणं उपयोगी."

सावनीला हे पटलं. आता कोड्याकडे वळायला हवं होतं. तिनं वहीत गुणाकार मांडला. दर पाच मिनिटांनी एक म्हणजे तासाला बारा आकडे. दिवसाला दोनशे अठ्ठ्याऐंशी. नव्वद दिवसांचे पंचवीस हजार नऊशे वीस.

"दक्ष, तुझ्याकडे प्रत्यक्षात किती आकडे आले?"

"अठरा हजार एकशे चव्वेचाळीस."

सावनीनं वजाबाकी केली, मग पुन्हा एकदा करून पाहिली. "अरे, सात हजार सातशे शहात्तर आकडे कमी आहेत. हे तू कुणाला सांगितलं का नाहीस?"

"कुणी विचारलं नाही," दक्ष म्हणाला. "जे आलेच नाहीत ते मी सरासरीत धरत नाही."

यात दक्षचं चुकलं होतं असंही म्हणता येत नव्हतं. शितावरून भाताची परीक्षा करतात, पण ते शीत पातेल्यातलं कुठलंही असायला हवं. कुणी मुद्दाम वरवरची शिजलेली शितंच काढून दिली तर भात कच्चा आहे हे कळणार कसं? याला नमुना म्हणतात (सगळ्यातला थोडा भाग, ज्यावरून सगळ्याचा अंदाज बांधतात). नमुना एकाच बाजूचा असला की अंदाज फसतो. हरवलेले आकडे जर मुख्यतः वाढलेल्या साखरेचे असतील, तर उरलेल्यांची सरासरी छानच दिसणार.

ते कधी हरवले, ते सावनीनं दक्षकडून लिहून घेतलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहिलं. बँडची सुपारी ज्या ज्या दिवशी होती, तिथे आबांनी गोल केलेला होता, आणि लग्नसराईत निम्मं कॅलेंडर गोलांनीच भरलं होतं. जवळजवळ प्रत्येक गोलाच्या दिवशी दुपारपासून रात्री झोपेपर्यंत आकडेच नव्हते. रविवारी बँडची माणसं तालमीला घरी यायची, तेव्हाही नव्हते.

"चकतीचा निरोप कशानं अडतो?"

"धातूच्या पातळ पत्र्यानं."

सावनी ट्रम्पेटच्या पेटीपाशी गेली. मखमलीच्या अस्तराखाली तिला चपात्या गुंडाळायच्या चांदीच्या कागदाची एक पट्टी सापडली. पुन्हा पुन्हा वापरून ती मऊ झाली होती आणि दंडाच्या आकाराची वळली होती.

तिनं ती होती तशी परत ठेवली. दक्षला काही सांगितलं नाही, आईलाही नाही. कोडं सुटलं म्हणून तिला आनंद व्हायला हवा होता, पण तो झाला नाही. आबा खोटं वागले होते, हे कुणाला सांगायचं आणि कसं?

संध्याकाळी आबा अंगणात ट्रम्पेट पुसत बसले होते. ती त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"आबा, सात हजार आकडे हरवलेत."

आबांचा हात थांबला. "मोजलंस?"

"हो."

बराच वेळ ते ट्रम्पेटच्या तोंडात आपलंच प्रतिबिंब बघत राहिले. "उद्या सावळजला लग्न हाय," ते म्हणाले. "चल माझ्यासंगं. उद्या एक बी आकडा हरवायचा न्हाई."

सावनीला वाटलं, झालं, मिटलं. पण मिटलं नव्हतं.

सकाळी आबांनी गोळी घेतली. ताटातल्या भाकरीला हात लावला नाही. "वाटेत खातो," असं आईला सांगितलं. बसमध्ये क्लॅरिनेट वाजवणाऱ्या इकबालचाचांनी पोह्यांचा डबा पुढे केला, तर आबांनी मान हलवली. सावनीनं पाहिलं की त्यांच्या दंडावर आज चांदीचा कागद नव्हता. ती त्यावरच खूश होती. उपाशी पोटाचा विचार तिच्या मनात आला नाही.

साडेअकराला मिरवणूक निघाली. ऊन डोक्यावर आलेलं. आबा पुढे, मागे तेरा माणसं. पहिली दोन गाणी झकास झाली. तिसऱ्यात ट्रम्पेट मध्येच घसरला.

बाकी कुणाला ते कळलं नसेल. पण सावनी पाळण्यात असल्यापासून ते गाणं ऐकत आली होती आणि त्या जागी आबा कधीच चुकले नव्हते. ती गर्दीतून पुढे गेली. घाम सगळ्यांनाच आला होता, पण तिनं आबांचा हात धरला तर तो गार होता आणि थरथरत होता.

"आबा, बरं वाटत नाहीये का?"

"आक्का, तू कवा आलीस?" आबा म्हणाले. आक्का ही त्यांची मोठी बहीण. ती कोल्हापूरला राहत होती.

सावनीनं त्यांच्या खिशातला फोन काढला. आवाज बंद केलेला होता. पडद्यावर दक्षचे चार निरोप एकाखाली एक येऊन पडले होते. शेवटचा होता, 'साखर बावन्न. ताबडतोब गोड घ्या.'

सत्तरच्या खाली साखर गेली की मेंदूला पुरेशी शक्ती मिळत नाही. ट्रॅफिक जाम होणं वाईट, तसा रस्ता अगदी ओस पडणंही वाईट. आबांच्या गोळीनं थकलेल्या स्वादुपिंडाला कामाला लावलं होतं, पोटात माल नव्हता, आणि उन्हात चालून, फुंकून स्नायूंनी उरलेली साखरही ओढून घेतली होती.

"इकबालचाचा, आबांना धरा," असं म्हणून सावनी मांडवाकडे पळाली आणि पाहुण्यांसाठी ठेवलेल्या लिंबू सरबताचा पेला घेऊन आली. तोवर चाचांनी आबांना कडुनिंबाखाली बसवलं होतं. पेला पुढे केल्यावर आबांनी तो हातानं दूर ढकलला.

"नको. साखर हाय त्यात. दिवा लाल व्हईल."

आबांना साखरेची गरज होती आणि एका दिव्याच्या भीतीनं ते ती घेत नव्हते.

"आबा, दिवा आत्ताच लाल आहे," ती हळू पण ठाम आवाजात म्हणाली. "साखर कमी झालीये म्हणून लाल आहे. हे प्यायलं की तो हिरवा होईल. माझ्यासाठी प्या."

आबांनी तिच्याकडे पाहिलं, आणि प्यायले. पंधरा मिनिटांनी फोनवर एकसष्ट आलं. आणखी अर्धा पेला दिला. मग चौऱ्याऐंशी. आबांच्या चेहऱ्यावर रंग परतला आणि त्यांनी सावनीला सावनी म्हणून हाक मारली. चाचांनी पोह्यांचा डबा पुढे केला, तेव्हा मात्र तो पुसून रिकामा झाला. चाचा उरलेली मिरवणूक सांभाळायला गेले.

झाडाखाली दोघंच उरले.

"तुला त्यो कागुद घावला न्हवं?" आबांनी विचारलं.

"हो."

"बोलली न्हाईस कुणाला."

"नाही."

आबांनी पाठ झाडाला टेकली आणि सांगायला लागले. दक्ष घरी आला त्याच आठवड्यात रविवारी तालीम होती. कुणीतरी जिलबी आणली होती, आबांनी दोन खाल्ल्या. थोड्या वेळानं दक्ष लाल दिवा पेटवून सरळ तालमीत आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, 'मास्तर, आपली साखर दोनशे ऐंशी आहे. आपण गोड खाल्लेले दिसते. हे पथ्याविरुद्ध आहे.'

"सगळी हसली. मायेनंच हसली बिचारी," आबा म्हणाले. "पर चाळीस वर्सं मी त्यांच्या चुका काढतोय, कानात सांगून, बाजूला घिऊन. आनि माझी चूक त्या डब्यानं चारचौघांत काढली. त्या दिवसापासनं कागुद बांधाय लागलो."

"आणि लग्नात?"

"लग्नात यजमान गोडाधोडाचं ताट हातात देतोय. तीन वाजल्यालं असत्यात, सकाळपासनं फुंकून जीव चाललेला असतोय. नको म्हणलं तर मास्तर आजारी हाय असं गावभर व्हतंय. आजारी मास्तरला मिरवणुकीत कोण बोलवंल? घरी तुझी आई माझं ताट येगळं वाढती. ती रागावत न्हाई, घाबरती. तिच्या तोंडाकडं बघितलं की माझ्या घशाखाली घास उतरत न्हाई. आनि डॉक्टरबाईंस्नी खरं आकडं दावलं तर त्या इन्शुलिनची सुई लावतील. सुई म्हंजे शेवटच, आसं लोक म्हनत्यात."

"मग आज उपाशी का राहिलात?"

"तू सात हजार मोजलंस न्हवं," आबा म्हणाले. "म्हणलं, एक दिवस तरी पोरीला हिरवं दावावं."

सावनीनं त्यांच्या दंडाला डोकं टेकलं. मांडवातून इकबालचाचांचं क्लॅरिनेट ऐकू येत होतं, ट्रम्पेटच्या जागा भरून काढत.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मुजावर घरी आल्या. आबांनी स्वतःच सगळं सांगितलं, चांदीच्या कागदासकट. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, साखर एकदम खाली जाण्याची भीती कमी असलेली. सुईचं ऐकून त्या म्हणाल्या, "इन्शुलिन शरीरात असतंच, मास्तर. कमी पडलं तर बाहेरून द्यायचं, एवढंच. ती शिक्षा नाही आणि शेवट तर मुळीच नाही. आत्ता तुम्हाला लागत नाही. लागलं तर आपण बोलू."

"म्हणजे दोन्ही कागद खरे होते," सावनी म्हणाली. "रक्तानं सगळं लिहिलं आणि दक्षला निम्मंशिम्मंच कळलं."

दक्ष कोपऱ्यातून पुढे आला. "मी कोणताही आकडा चुकीचा सांगितला नाही," तो म्हणाला.

"नाही सांगितलास," डॉक्टर म्हणाल्या. "पण तुमच्या गच्चीवरच्या टाकीचं बघ. टाकी भरली की आतला तरंगणारा गोळा वर येतो आणि नळ बंद होतो. पाणी उतरलं की गोळा खाली जातो, नळ सुरू. याला प्रत्याभरण म्हणतात (झालेला परिणाम मोजून त्यावरून पुढचं काम ठरवणं). मधुमेह सांभाळणं असंच आहे. मोजायचं, कारण शोधायचं, काहीतरी बदलायचं, पुन्हा मोजायचं. ही साखळी कुठंही तुटली की काही चालत नाही. आता समज, गोळा वर आला की दरवेळी कुणीतरी त्याला सगळ्यांदेखत ओरडतंय. गोळ्याला काही वाटणार नाही. माणसाला वाटतं. मग माणूस काय करेल?"

"मोजू देणार नाही," दक्ष म्हणाला. "म्हणजे ते सात हजार आकडे माझ्यामुळे हरवले."

"समदं तुझ्यामुळं न्हाई," आबा म्हणाले. पहिल्यांदाच ते दक्षशी नीट बोलले.

डॉक्टर आबांकडे वळल्या. "मास्तर, काय केलं तर तुम्हाला हे सोपं जाईल?"

हा प्रश्न आजवर त्यांना कुणी विचारला नव्हता. आबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि एकेक सांगायला लागले. आकडा आधी फक्त त्यांना कळावा, बाकी कुणाला सांगायचं ते त्यांनी ठरवावं. घरात ताट सगळ्यांचं सारखं असावं. सुपारीच्या दिवशी निघण्यापूर्वी घरूनच उसळ-भाकरी खाऊन जायचं, म्हणजे तीन वाजता ताट आल्यावर जीव खाली-वर होत नाही. बँडच्या पोरांना त्यांनी स्वतः सांगावं, कुणी दुसऱ्यानं नाही. आई दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "ताटाचं माझ्याकडं लागलं. मला वाटलं येगळं केलं म्हंजे काळजी घेतली."

दक्षला शिकवायचं काम सावनीकडे आलं. पोटावरचा दिवा तर पहिल्याच दिवशी बंद झाला. बोलणं बदलायला जास्त वेळ लागला.

"समज, दोनशे चाळीस आलेत," ती म्हणाली. "तू काय म्हणशील?"

"मास्तर, हे वाईट आहे."

"नाही."

"मास्तर, हे फार वाईट नाही."

"नाही रे."

दक्षनं एक चाक मागे-पुढे केलं. विचार करताना तो असं करायचा. "मास्तर, दोनशे चाळीस. आज काय वेगळं झालं?"

"हां," सावनी म्हणाली.

मग घरात प्रयोग सुरू झाले. आबांना हे आवडू लागलं, कारण यात बारीकसा फरक ओळखायचा होता आणि बँडमध्ये तेच त्यांचं काम. एकाच मापाचा भात नुसता खाल्ला तर साखर किती चढते? आधी काकडी-कोशिंबीर आणि डाळ खाऊन मग भात घेतला तर? जेवून लगेच पडलं तर, आणि पंधरा मिनिटं चाललं तर? चालल्यावर फोनवरची साखरेची रेघ इतकी खाली आली की आबांनी आणखी दोनदा करून खात्री केली. जोंधळ्याच्या भाकरीनं आपल्याला काहीच होत नाही अशी त्यांची खात्री होती. तीन भाकऱ्या खाल्ल्यावर होतं, हेही कळलं आणि त्यावर ते दोन दिवस रुसले. कडू काढ्यानं साखर पळते असं एका पाहुण्यानं सांगितलं होतं. काढा चार दिवस घेतला, पण गोळ्या चालू ठेवून. रेघ हलली नाही. उरलेला काढा आईनं कढीपत्त्याच्या कुंडीत ओतला.

सगळंच जमलं असं नाही. पावसाळ्यात आबांना आठवडाभर ताप आला तेव्हा काही न खाताही साखर चढली आणि सगळे गोंधळले. आजारपणात शरीर स्वतःच साखर रक्तात सोडतं, हे डॉक्टरांनी समजावलं तेव्हा जीव भांड्यात पडला. एका साखरपुड्यात श्रीखंड झालं. घरी आल्याबरोबर आबांनीच दक्षला हाक मारली, "अरे ए, दोनशे साठ झालंय."

"पाहिलं," दक्ष म्हणाला. "कसं होतं श्रीखंड?"

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग दोघं मिळून कोपऱ्यापर्यंत चालून आले.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. सात पूर्णांक सहा.

"सात हवं होतं," सावनी म्हणाली.

"नऊ पूर्णांक चारवरून आलंय," डॉक्टर म्हणाल्या. "आणि मला याहून जास्त आवडलं ते हे." त्यांनी दक्षचा कागद पुढे केला. यावेळी चारशे आकडेसुद्धा हरवले नव्हते. रेघ खूप वर-खाली होती, आधीच्या कागदासारखी सुरेख नव्हती. पण तिची सरासरी आणि रक्ताचा आकडा एकमेकांशी जुळत होते. आबांच्या पायांच्या मुंग्याही कमी झाल्या होत्या.

तालुक्यातल्या बाकीच्या एकोणऐंशी दक्षांनाही आता नवं बोलणं शिकवायचं ठरलं होतं. त्यासाठी डॉक्टरांना सावनीची वही हवी होती. आणि आबांकडेही त्यांचं एक काम होतं. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत वैशाली पाटोळे नावाच्या बाई बसल्या होत्या. त्या ऊसतोडणीचं यंत्र चालवत. त्यांना मधुमेह होऊन वर्ष झालं होतं आणि त्यांचेही दोन कागद जुळत नव्हते.

आबा त्यांच्या शेजारी जाऊन बसले. सावनी आणि डॉक्टर दारातच थांबल्या.

"कसं काय चाललंय?" आबांनी विचारलं.

"माझं सगळं बरं आहे," वैशालीताई म्हणाल्या आणि हातातल्या पिशवीचे बंद ओढून बसल्या.

"ब्येस," आबा म्हणाले. "माझं परवा दोनशे सत्तर झालं."

बाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "काय खाल्लं होतंत?"

"पुरणपोळी. दोन."

वैशालीताईंनी पिशवी खाली ठेवली आणि खुर्ची जवळ ओढली.

"मी तीन," त्या म्हणाल्या.